ह्यांना सांगू नये

हेडसाहेबांची बायको थंडीत गेली. पण ती गेली म्हणजे नेमकं काय काय गेलं, हे त्यांना उन्हाळ्यातल्या पहिल्या कडक दुपारी कळलं. त्या दुपारी त्यांनी बेडरूममधला एसी लावला, पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटून थंड हवेची वाट पाहू लागले. सुरुवातीला पाचेक मिनिटं बरी गेली. मग अंगावर जी हवा यायला लागली, ती पोटभर जेवून उठलेल्या माणसाने तोंडावर सोडलेल्या सुस्काऱ्यासारखी होती. कोमट, आणि जराशी कुबट.

त्यांनी रिमोट पाहिला. रिमोट म्हणत होता अठरा. भिंतीवरचं तापमापक म्हणत होतं छत्तीस. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं असं दिसलं की हेडसाहेब नेहमी कागदावर विश्वास ठेवत. एकतीस वर्षं नोकरीत त्यांनी तेच केलं होतं आणि त्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणून त्यांनी रिमोटवर विश्वास ठेवून अंगावर चादर ओढली. अर्ध्या तासाने बनियन पिळून काढण्याची वेळ आली तेव्हा ते उठले.

"अगं, हा एसी बघ..." असं ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, आणि वाक्य तिथेच राहिलं.

बारा वर्षांत हे मशीन एकदाही बिघडलं नव्हतं. हेडसाहेब आल्यागेल्याला ते अभिमानाने सांगत. "घेतानाच पारखून घेतला. आजपर्यंत कुणी हात लावलेला नाही त्याला." हे ऐकताना बायको चहाचे कप उचलून आत निघून जायची. तिला नवऱ्याचं कौतुक वाटत असणार, अशी त्यांची समजूत होती. त्या घामेजल्या दुपारी पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या त्यांना पहिल्यांदाच शंका आली, की कुणीतरी हात लावत असणार.

हेडसाहेब म्हणजे एका सरकारी कचेरीतले, आवक-जावक विभागाचे निवृत्त हेडक्लार्क. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा, त्याच्यावर नंबर पडायचा आणि मगच तो कागद म्हणून जगात वावरू शकायचा. नंबर नसलेली वस्तू त्यांच्या लेखी नव्हतीच. नोकरीत मिळालेल्या त्यांच्या खाकी रेनकोटावरसुद्धा त्यांनी कॉलरच्या आत क्रमांक घातलेला होता. तो रेनकोट सात-आठ वर्षांपूर्वी घरातून नाहीसा झाला. हेडसाहेबांनी त्या बाबतीत बायकोकडे निदान चाळीस वेळा तोंडी विचारणा केली होती. दर वेळी उत्तर एकच, "असेल इथेच. कुठे जाणार?" प्रकरण अनिर्णित राहिलं ते राहिलंच.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, शनिवारी येतेय. बाळाला घेऊन. एसी चालू आहे ना? तिला उकाडा सोसत नाही हो, लगेच अंगभर पुरळ उठतं."

"चालू आहे," हेडसाहेब म्हणाले.

हे खोटं नव्हतं. एसी चालूच होता. तो गार करतो का, असं तिने विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही हा कचेरीतला साधा शिष्टाचार आहे.

"नक्की ना? आपलं काय ठरलंय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. आई गेल्यावर मुलगी आणि जावई त्यांना बरोबर न्यायलाच बसले होते. हेडसाहेबांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली होती. मुलगी म्हणाली होती, "ठीक आहे. उन्हाळ्यात येऊन बघीन. घर नीट चाललं असेल तर खुशाल राहा. नाही तर बॅग भरायची आणि माझ्याबरोबर निघायचं. मग कारणं नाही सांगायची." स्वभाव आईचा, भाषा बापाची. तिच्यापुढे अपील चालत नसे.

मुलीच्या घरी काही वाईट नव्हतं. जावई भला माणूस होता, नात तर दुधावरची साय. पण या घरात स्वयंपाकघराकडे तोंड करून "अगं" म्हटलं तर निदान दिशा तरी बरोबर असायची. तिकडे कुठे तोंड करणार?

आज सोमवार. हाताशी चार दिवस. एसीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, या दिवसांत मी माझ्या स्वतःच्या घरचा एसी बघायला जात नाही. पंधरा दिवसांनी आठवण करा." हेडसाहेबांनी मग एक कोरी फाईल काढली, वर ठळक अक्षरात 'शयनगृह वातानुकूलन: बिघाड व दुरुस्ती' असं लिहिलं, क्रमांक दिला आणि त्यांना बरंच वाटलं. अर्धं काम तर झालंच होतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी एक चूक केली. दूध आणायला दार उघडलं तेव्हा समोरच्या बिऱ्हाडाचे विमा एजंट दारात उभे होते, आणि हेडसाहेब त्यांना बोलून गेले, की एसी जरा गरम हवा सोडतोय.

विमा एजंटांना अख्खी बिल्डिंग हवामान खातं म्हणायची. सांगणार सगळ्यातलं, आणि छातीठोकपणे. खरं निघालं तर 'मी म्हटलंच होतं', खोटं निघालं तर 'परिस्थिती बदलली'.

"गॅस गेला," हवामान खातं म्हणालं.

"तुम्ही अजून बघितलं कुठेय?"

"बघायचं काय त्यात? गरम हवा ना? गॅस गेला. माझ्या साडूचा असाच गेला होता. नवीन घ्यावा लागला."

"साडू?"

"एसी हो!"

तासाभरात ही बातमी चारही मजल्यांवर गेली. जिन्यात जो भेटेल तो हेडसाहेबांना दुखवट्याच्या आवाजात विचारू लागला, "गॅस गेला म्हणे?" वरच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने तर त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वयच झालं होतं त्याचं." हेडसाहेबांना क्षणभर कळेना, हा नक्की कुणाबद्दल बोलतोय.

माणसाला एकदा राग आला की हुरूप येतो. हेडसाहेबांनी ठरवलं, स्वतःच उघडायचा. माहितीपुस्तिका बायकोच्या ड्रॉवरमध्ये सापडली. सगळ्या पानांचे कोपरे मऊ झाले होते. कुणीतरी पुस्तक वाचलं होतं.

पुस्तिकेत लिहिलं होतं, पुढचं झाकण उचला, जाळ्या ओढून काढा, धुवा, परत बसवा. सगळं मिळून चार ओळी. पण चार ओळींत संपणारं काम हेडसाहेबांना संशयास्पद वाटे. त्यांनी पद्धतशीर जायचं ठरवलं. म्हणजे असं, की जो भाग सुटा होईल त्याला चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर क्रमांक टाकायचा, आणि चिठ्ठी भिजून अक्षर जायला नको म्हणून तिला वरून-खालून पारदर्शक चिकटपट्टी लावायची. झाकण क्रमांक एक. डावी जाळी दोन, उजवी तीन. पुस्तिकेत नसलेले स्क्रूही त्यांनी काढले, कारण ते दिसले. अकरा चिठ्ठ्या झाल्या. सुटे न होणारे भागही नोंदीबाहेर राहू नयेत म्हणून जागच्या जागी चिठ्ठ्या चिकटवल्या. थंड होणाऱ्या त्या पत्र्याच्या जाळीखाली जी पन्हळ असते, तिला क्रमांक सात मिळाला.

जाळ्या बाहेर आल्या आणि हेडसाहेब बघतच राहिले. त्यांच्यावर धुळीचा चांगला जाड थर बसला होता, करडा, मऊ, सोलून काढला तर पायपुसणं होईल असा. एवढी धूळ बसायला किती दिवस लागत असतील, याचा हिशेब त्यांनी मनात मांडायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला. थंडीपासून मोजावं लागत होतं.

जाळ्या त्यांनी मन लावून धुतल्या. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथे संपली असती. पण हातात साबणाचं पाणी उरलं होतं, आणि उरलेली गोष्ट वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी स्टुलावर चढून दोन तांबे साबणाचं पाणी आतल्या पत्र्यावरही ओतलं. आतून फेस आला. बराच आला. एसीच्या तोंडाला फेस आलेला बघून त्यांना उगाच अपराधी वाटलं.

सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला आणि एक चिठ्ठी कमी भरली. स्क्रू उरल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही, कचेरीतही प्रत्येक बदलीनंतर एक माणूस उरायचाच. पण चिठ्ठी क्रमांक सात कुठे गेली याचा छडा लागेना.

एसी लावला. पाच मिनिटं गार हवा आली. हेडसाहेबांनी विजयाने दाराकडे बघितलं. सहाव्या मिनिटाला हवा कोमट झाली आणि आतून पाणी टपकायला लागलं. बरोबर त्यांच्या उशीवर. बायकोची बाजू कोरडी होती.

जास्तीचं पाणी ज्या नळीतून बाहेर जातं, ती तुंबली असणार एवढा अंदाज त्यांना आला. त्यांनी नळी पन्हळीपासून सोडवली, तोंडात धरली, डोळे मिटले आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून फुंकली. काही झालं नाही. पुन्हा फुंकली. कानात दडे बसले. तिसऱ्या फुंकरीला आत काहीतरी सरकलं, गुर्रर्र आवाज झाला आणि नळी मोकळी झाली. हेडसाहेबांनी तोंड पुसलं. खालून किंकाळी ऐकू आली.

खाली शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत. दोन मिनिटांत त्या वर आल्या. एका हातात पडदा होता, फिक्का पिवळा, आणि त्याच्यावर मधोमध काळपट फेसाचं एक मोठं बेट. दुसऱ्या हाताच्या चिमटीत एक चिठ्ठी.

"हेडसाहेब, हा तुमचा सात नंबर."

"अरे वा! कुठे सापडला?"

"गिऱ्हाइकाच्या पडद्यावर! सहा पडद्यांचा संच आहे, उद्या द्यायचाय. गॅलरीत वाऱ्याला टाकला तर वरून तुमची जावक!"

हेडसाहेब ओशाळले. "मावशी, मी धुऊन देतो."

"नको!" मावशी इतक्या घाईने म्हणाल्या, की ते आणखीच दुखावले. मग त्यांनीच आवाज खाली आणला. "मी धुते हो. तुम्ही... तुम्ही चहा घेतलात का सकाळपासून? तोंडाला काळं काय लागलंय?"

बुधवारी हवामान खातं स्वतः पाहणीला आलं. चप्पल न काढता दारातूनच त्याने एसीकडे बघितलं आणि नवा अंदाज वर्तवला. "आतलं मशीन ठीक आहे. दोष बाहेरच्या मशीनमध्ये. ते बघा."

"गॅस गेला म्हणत होतात ना?"

"परिस्थिती बदलली."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचंही एखादं बोलणं बरोबर निघतं. एसीचं बाहेरचं मशीन मागच्या बाजूला, चारी बाजूंनी भिंती असलेल्या अरुंद चौकात टांगलेलं होतं. ते दिसायचं फक्त स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून, तेही कडेला वाकून. ती खिडकी फ्रीजच्या आड होती, आणि बारा वर्षांत हेडसाहेबांना तिथून बघण्याचं काही कारण पडलं नव्हतं. त्यांनी फ्रीज सरकवला, तर खिडकीच्या लोखंडी जाळीला कुलूप. कुणी चौकात कचरा टाकू नये म्हणून सोसायटीने सगळ्या जाळ्यांना कुलपं लावली होती आणि चावी सचिवांकडे असे.

हेडसाहेबांना आनंद झाला. आता कसं, अर्ज करता येणार होता. हे त्यांचं मैदान. त्यांनी समास सोडून, विषय अधोरेखित करून, तीन प्रतींत अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन दिला.

तासाभरात अर्ज परत आला. कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं होतं, 'अर्जदार सभासद नाहीत. त्रुटी दूर करून फेरसादर करावा.'

एकतीस वर्षं हेडसाहेबांनी हीच दोन वाक्यं लोकांना लिहिली होती. ती वाचायला कशी लागतात, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. ते तडक सचिवांकडे गेले.

"मी सभासद नाही म्हणजे? बावीस वर्षं राहतोय इथे!"

"राहताय हो, नाही कोण म्हणतंय? पण घर वहिनींच्या नावावर आहे. नाव बदलून घ्यायचा अर्ज मी तुम्हाला तेव्हाच दिला होता. भरलात का?"

हेडसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. तो अर्ज टेबलाच्या खणात होता. त्यात एक रकाना होता, 'मूळ सभासदाचे नाव कमी करण्याचे कारण'. कुठलाही रकाना कोरा सोडायचा नाही असा त्यांचा नियम, आणि तो रकाना काही त्यांच्याच्याने भरवेना. म्हणून अख्खा अर्जच राहिला होता.

"तुम्हीच शिकवलंत आम्हाला," सचिव जरा वरमून म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"बरोबर आहे तुमचं," हेडसाहेब म्हणाले. ते बरोबरच होतं, म्हणून तर जास्त लागलं.

गुरुवारी त्यांनी शेवटचा उपाय म्हणून कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. तिने नाव विचारलं, पत्ता विचारला आणि म्हणाली, "सर, तुम्ही नोंदणी केलेले ग्राहक बोलताय का?"

"मी त्यांचा नवरा."

"नोंदणी मॅडमच्या नावावर आहे. मॅडमना फोन देता का?"

"त्या नाहीत."

"कधी येतील सर?"

हेडसाहेबांना विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची सवय. ते म्हणाले, "येणार नाहीत."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "ठीक आहे सर. त्या आल्यावर आम्हाला परत फोन करायला सांगा. किंवा त्यांच्या मोबाईलवर एक नंबर पाठवते, तो मला वाचून दाखवला तरी चालेल."

"मोबाईल बंद आहे."

"चालू करून ठेवा ना सर. मी उद्या सकाळी अकराला फोन करते."

किती सोपं सांगितलं पोरीने. बायकोचा मोबाईल कपाटात, तिच्या रुमालांच्या घडीखाली होता. थंडीपासून तो तिथेच होता. हेडसाहेबांनी त्याला हात लावला नव्हता. का लावला नव्हता याचं कारण त्यांना विचारलं असतं, तर 'आवश्यकता भासली नाही' असं त्यांनी लिहून दिलं असतं. गुरुवारचा उरलेला दिवस ते कपाटाभोवती घुटमळले. चादरींच्या घड्या मोडून परत घातल्या. दोनदा कपाट उघडलं आणि दोनदा लावलं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता त्यांनी मोबाईल चार्जिंगला लावला. शनिवार उद्यावर आला होता, इलाज नव्हता.

फोनला जाग यायला वेळ लागला. मग तो थरथरला, उजळला आणि जो वाजायला लागला तो थांबेचना. टिंग. टिंग. टिंग. थंडीपासूनची सगळी आवक एकदम. हेडसाहेब चष्मा शोधायला वळले, तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन खणखणला. मुलगी.

"बाबा!" तिचा आवाज चिरकला होता. "बाबा, आईचा फोन... आई ऑनलाइन दिसतेय! हिरवा ठिपका आलाय! कुणी चोरला का फोन? बाबा, बोला ना!"

"अगं, मी आहे तो. मी लावलाय चार्जिंगला."

पलीकडे एक मोठा श्वास. "कशाला?"

इथे हेडसाहेबांपुढे दोन मार्ग होते. न विचारलेल्याचं उत्तर देऊ नये, हा नियम इथे लागू नव्हता, कारण तिने विचारलं होतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोमट हवा, फेस, सात नंबर, मावशींचा पडदा, त्रुटी, गोड आवाजाची मुलगी. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते प्रकरण फार लांबलेलं वाटलं. शेवटी म्हणाले, "बॅग भरून ठेवतो मी. ठरलंय ते ठरलंय."

नाक ओढल्याचा आवाज आला. "तो नंबर मी बंदच केला नाही, बाबा," ती म्हणाली. "कधीकधी उघडून बघते. आत काही नसतं, नुसता फोटो दिसतो. आज एकदम हिरवा ठिपका..." मग ती म्हणाली, "टिंग टिंग काय वाजतंय सारखं?"

हेडसाहेबांनी चष्मा लावला. फोनवर आठवणीच्या सूचना एकाखाली एक उतरल्या होत्या. दर पंधरा दिवसांची एक. ते मोठ्याने वाचू लागले.

"एसीच्या जाळ्या धुणे. ह्यांना सांगू नये."

"काय?"

"असंच लिहिलंय. पुढचीही तीच. जाळ्या धुणे. ह्यांना सांगू नये. त्याच्या पुढची, जाळ्या धुणे, नळी बघणे, ह्यांना सांगू नये, मदतीला येतात."

फोनमधून एक विचित्र आवाज आला. मुलगी रडतेय असं वाटून हेडसाहेब घाबरले. ती हसत होती. रडतही होती, पण हसणं जास्त होतं. "मिक्सर आठवतो का, बाबा? तुम्ही मदत केली होतीत तो? छतावर डाग आहे अजून!"

"तो वेगळा विषय आहे," हेडसाहेब ताठपणे म्हणाले. आणि मग त्यांनाही हसू आलं. बारा वर्षं ही बाई दर पंधरा दिवसांनी, ते बाजारात गेले की स्टुलावर चढत होती, आणि ते पाहुण्यांना सांगत होते, कुणी हात लावलेला नाही.

"थांब," ते म्हणाले. "एक वेगळी आहे. थंडी संपतानाच्या तारखेची."

ती त्यांनी आधी मनात वाचली. मग मोठ्याने. "बाहेरच्या मशीनचा कोट काढणे. विसरले तर गरम हवा येते. गाठी चार. चावी चहाच्या जुन्या डब्यात. ह्यांना सांगू नये."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. चहाचा जुना डबा ओट्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आत खरोखरच एक चावी. सोसायटीचे नियम धाब्यावर बसवून बायकोने बेकायदा चावी करून घेतली होती, आणि ज्या घरात ती केली होती त्या घरात एक हेडक्लार्क राहत होता.

हेडसाहेबांनी क्षणभर त्रुटी लागलेल्या अर्जाकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विनापरवानगी एक कुलूप उघडलं. काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही. इतकी वर्षं लोकांना कशाला अडवलं, असं त्यांना ओझरतं वाटून गेलं.

"दिसतंय का काही?" फोन स्पीकरवर होता.

ते वाकले. बाहेरचं मशीन डाव्या हाताला, हातभर अंतरावर होतं, आणि ते खाकी कपड्यात गुंडाळलेलं होतं. कपडा मापात कापून, कडा दुमडून नीट शिवलेला. वरच्या कडेला कॉलर तशीच ठेवली होती. कॉलरच्या आत त्यांच्याच अक्षरात क्रमांक होता.

"माझा रेनकोट!" हेडसाहेब ओरडले.

चौकात आवाज घुमला. खालची खिडकी उघडली आणि मावशींनी जाळीला तोंड लावून वर बघितलं. "अहो, काय झालं? पडाल!"

"मावशी, हा माझा कोट! इथे!"

"हो, मीच शिवून दिलाय तो. थंडीत धूळ बसते, पाखरं घरटी करतात म्हणून वहिनींनी करून घेतला. दर वर्षी घालायच्या, दर वर्षी काढायच्या. म्हणजे तो अजून तसाच आहे? अहो, मग हवा गरमच येणार ना! त्याचा श्वास कोंडतो!"

"मग सांगायचं नाही का मला?"

"सगळे म्हणत होते गॅस गेला. मला काय माहीत?" मावशींनी पदराने कपाळ पुसलं. "शिवाय त्यांनी सांगितलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही."

मुलगी फोनवर हसून हसून दमली होती.

हेडसाहेब परत वाकले. चार कोपऱ्यांना चार नाड्या होत्या आणि मशीनच्या लोखंडी पायांना चार गाठी. बायकोची गाठ त्यांना ओळखता आली. दोनदा वेढा आणि टोक आत खोचलेलं. ती डब्यांच्या पिशव्याही तशाच बांधायची, आणि त्यांना त्या कधी सुटायच्या नाहीत. "अहो, ओढू नका, टोक बाहेर काढा आधी," असं ती म्हणायची. त्यांनी टोक बाहेर काढलं. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तिसरीला वेळ लागला, घाई नव्हती.

चौथीवर त्यांनी हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"झालं का, बाबा?"

"होतंय," ते म्हणाले. तीन गाठी सुटल्यावर कोट मशीनवरून आपोआप घसरला आणि चौथ्या कोपऱ्याच्या आधाराने भिंतीकडेला लटकत राहिला. मशीनचं तोंड मोकळं झालं. तेवढं पुरे होतं. त्यांनी लटकता कोट नीट बाजूला सारला, पंख्यात जाणार नाही याची खात्री केली आणि आत आले.

एसी लावला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस मिनिटांनी भिंतीवरच्या तापमापकाने हार मानायला सुरुवात केली. बरोबर अकराला कंपनीची मुलगी फोनवर आली तेव्हा हेडसाहेब चादर घेऊन बसले होते. "सर, मॅडमशी बोलणं झालं का?" तिने विचारलं.

"झालं," हेडसाहेब म्हणाले. "त्यांनी दुरुस्त करून दिला."

शनिवारी मुलगी आली. आल्या आल्या तिने बाळाला गार खोलीत पलंगावर, आजीच्या बाजूला ठेवलं. बाळाने दोन्ही पाय वर घेतले, एसीकडे बघून काहीतरी भाषण केलं आणि झोपून गेलं. हवामान खातं दारातून डोकावून म्हणालं, "मी म्हटलंच होतं, बाहेरच्या मशीनमध्ये दोष." मुलगी घरभर फिरली. फ्रीजमागची खिडकी उघडून वाकली, त्या उरलेल्या गाठीकडे बराच वेळ बघत राहिली, आणि आत आली.

"बॅग भरलीय का?" तिने विचारलं.

"भरलीय."

"रिकामी करा. आणि हे घ्या." तिने त्यांचा मोबाईल हातात घेऊन त्यात आईच्या सगळ्या आठवणी एकेक करून भरल्या. जाळ्या धुणे, दर पंधरा दिवसांनी. नळी बघणे. थंडीत कोट घालणे, थंडी संपताना काढणे. 'ह्यांना सांगू नये' हे शब्द मात्र तिने काढले. हेडसाहेबांनी ते परत घालायला लावले. मजकुरात फेरफार करू नये, म्हणाले.

आता उन्हाळा अर्ध्यावर आलाय. जाळ्या तीनदा धुऊन झाल्या, चिठ्ठ्या न लावता. मावशींना पडद्याच्या बदल्यात साबणाचा पुडा दिला, त्यांनी तो हसत ठेवून घेतला. सोसायटीचा अर्ज भरून झाला, तो एक रकाना धरून. सचिवांनी त्रुटी काढली नाही. उरलेल्या स्क्रूची जागा सापडली.

चौथी गाठ सोडायची राहिली आहे.